पूर आठवतो, गोळी आठवत नाही

प्रश्न : सासूबाईंना लहानपणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलेले गोदावरीचे पाणी लख्ख आठवते, सकाळची गोळी घेतली का, हे मात्र आठवत नाही. असे का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नवी आठवण नोंदवण्यासाठी मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो, पुढे ती हळूहळू मेंदूच्या बाह्यपटलात मुरते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलायसन यांच्या मेंदूतील या भागाचा बराचसा अंश शस्त्रक्रियेने काढल्यावर त्यांना नवे प्रसंग लक्षात राहीनात, बालपण मात्र आठवत असे. पुराची भीती खोल ठसली आणि तो वारंवार सांगितला गेला. गोळी मात्र रोज नकळत घेतली जाते, आणि वयानुसार हिप्पोकॅम्पसही क्षीण होतो. वारांचे खण असलेली डबी वापरावी. विसर वाढत असल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.