सिकेटर घेताना पातं पाहा, मुठीचा रंग नको

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी आटोपत आली की सल, म्हणजे झाडावरच्या वाळलेल्या काड्या, काढायची लगबग सुरू होते. मग कार्यालयात खता-औषधांइतकीच अवजारांचीही, विशेषतः सिकेटरची म्हणजे छाटणीच्या कात्रीची, विचारणा होते. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देत आहे.

प्रश्न : साहेब, आठवडी बाजारात दीडशे रुपयांत सिकेटर मिळतो, दुकानदार बाराशेचा दाखवतो. दिसायला दोन्ही सारखेच. संत्र्याची साडेतीनशे झाडं आहेत. कोणता घ्यावा? (ता. वरुड)

साडेतीनशे झाडांना दीडशेचा टिकणार नाही. पण बाराशेचा आहे म्हणून तो चांगलाच, असंही नाही.

आधी पात्यांची रचना पाहा. सिकेटर दोन प्रकारचे असतात. एकात कात्रीसारखी दोन पाती एकमेकांना घासून जातात. दुसऱ्यात एकच धारदार पातं खालच्या चपट्या पट्टीवर येऊन टेकतं. हा दुसरा वाळल्या काडीला बरा, जोरही कमी लागतो. म्हणून सल काढायला बरेच जण तोच नेतात, आणि इथेच फसगत होते. सल काढायची म्हणजे नुसती वाळली काडी मोडायची नसते. वाळलेल्या भागाखाली सुमारे २ सेंटिमीटर हिरव्यातून काप घ्यायचा असतो, कारण दिसते त्याच्या थोडी पुढे बुरशी गेलेली असते. हिरवी फांदी त्या पट्टीवर दाबली की चेंगरते, साल सुटते आणि तिथूनच काडी पुन्हा मागे वाळत येते. तेव्हा संत्रा, मोसंबी, लिंबू यांना घासून जाणाऱ्या दोन पात्यांचाच घ्या. कापताना धारेचं पातळ पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवायचं आणि दुसरं जाड, आकड्यासारखं पातं पडणाऱ्या काडीकडे. मजुरांना हे एकदा हातात धरून दाखवा.

दुकानात सिकेटर उघडून उजेडाकडे धरा आणि हळूहळू मिटा. बुडापासून टोकापर्यंत पाती घासून गेली पाहिजेत, मध्ये फट नको. पाती बोटांत धरून आडवी हलवून पाहा. नव्यातच डगडगत असतील तर पुढे फांदी कापण्याऐवजी मधेच दुमडून अडकेल. मग वर्तमानपत्राचा कागद मागून पात्याच्या टोकाने कापा. कागद चुरगळला तर परत ठेवा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

मधला जोड ठोकलेल्या रिव्हेटचा नको, नट-बोल्टचा हवा. ढिला झाला की आवळता येतो, पातं सुटं करून पाजवता येतं. पातं आणि स्प्रिंग सुटी मिळते का, हे मी किमतीच्याही आधी विचारतो. मिळत नसेल तर स्प्रिंग तुटली त्या दिवशी महागडा सिकेटरही भंगारात जातो.

पोलादाचं म्हणाल तर जास्त कार्बनचं पोलाद धार चांगली धरतं, पण गंजतं. साध्या प्रतीचं स्टेनलेस चमकत राहतं, पण धार लवकर सोडतं. रोज पुसून तेल लावणार असाल तर कार्बनचंच घ्या. पाकिटावर ‘एसके ५’ लिहिलेलं असतं, ते साधारण ०.८ ते ०.९ टक्के कार्बनचं पोलाद. मात्र शिक्का कोणीही मारू शकतो, कागदाची परीक्षा चुकवू नका.

आणखी एक. तुमच्याकडे सल काढायला बाया येत असतील तर त्यांच्यापैकी एकीला दुकानात न्या. पूर्ण उघडलेली मूठ तिच्या हातात मावली पाहिजे. ८ इंची जड वाटला तर ७ इंची घ्या. पुरुषाच्या पंजाचं माप पाहून घेतलेला सिकेटर दिवसभर बाईच्या हाती दिला की दुपारनंतर काप वाकडेच पडणार.

प्रश्न : लोहाराने कमानपाट्याचा कोयता करून दिला आहे. पाजवला की एका घावात फांदी पडते. मग नवं अवजार कशाला? (ता. काटोल)

धुऱ्यावरची झुडपं आणि बाभळीचे काटे तोडायला त्या कोयत्याला तोड नाही, गाडीच्या पाट्याचं पोलाद कसदारच असतं. झाडावर मात्र तो नको. घाव जिथे बसतो तिथे लाकूड चिरतं आणि पडती फांदी खालची साल सोलत नेते.

अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर चालतो. त्याहून जाड, साधारण ४ सेंटिमीटरपर्यंतच्या फांदीला लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची मोठी कात्री, आणि त्यापुढे करवत. करवत सुताराची नको, ती ओल्या लाकडात अडकते. छाटणीची करवत ओढताना कापते, तिचे दात मुठीकडे वळलेले असतात. दातांची टोकं काळी-निळी दिसत असतील तर ती कडक केलेली असतात, त्यांवर कानस चालत नाही, बोथट झाली की पातंच बदलायचं.

मोठी फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेला खुंट बुडाच्या फुगीर कड्याला धक्का न लावता. जखमेवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, प्लास्टिकच्या भांड्यात. चुना कमी पडला का हे कळायला मिश्रणात लोखंड बुडवून तांबूस थर येतो का पाहता ना, ते जुन्या विळ्यानेच करा. नवा सिकेटर त्यात बुडवलेला पाहिला आहे, म्हणून सांगतो.

प्रश्न : धारवाल्याकडून धार लावून आणली तरी दोन दिवसांत जाते. (ता. अचलपूर)

फिरत्या चाकावर पातं तापतं. कड निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग ती धार धरत नाही. घरीच बारीक दगडाने, पाणी टाकत, फक्त उतरत्या बाजूने पाजवा. सपाट बाजूवर दगड आडवा टेकवून धारेवर उठलेली बारीक कूस तेवढी काढायची. सिकेटरने तार आणि पऱ्हाटी तोडणं बंद करा, निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) असलेली झाडं शेवटी घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा. सोडियम हायपोक्लोराइटचं १ टक्का द्रावणही चालतं, पण ते पोलाद खातं, संध्याकाळी धुऊन कोरडं करायलाच हवं. नंतर जोडात शिलाई मशीनचं तेल. घरचं जवसाचं तेल तिथे घालू नका, ते वाळून चिकट होतं आणि सिकेटर उघडेनासा होतो. लॉपर-कुऱ्हाडीच्या लाकडी दांड्याला मात्र जवसच उत्तम.

प्रश्न : बचत गटातर्फे परसबागेसाठी दहा अवजारांची पेटी घ्यायची आहे. (ता. सेलू, जि. वर्धा)

पेटी नको. त्यातली दोन-तीनच वापरात येतात. गुलाब, जास्वंद, कढीपत्त्याला प्रत्येकीकडे एक बरा सिकेटर पुरे. शेवगा, पेरू, आंब्यासाठी गटात मिळून एक घडीची करवत आणि एक लॉपर घ्या.

प्रश्न : बॅटरीचा सिकेटर घ्यावा का? (ता. मोर्शी)

बाग मोठी असेल आणि मजूर मिळत नसतील तर विचार करा. आधी कोणाच्या तरी बागेत दिवसभर चालवून पाहा, वजन दुपारी कळतं. जोड बॅटरी केवढ्याला आणि दुरुस्ती कोणत्या गावात होते, हे बिल करण्याआधी विचारा. चालवताना दुसऱ्या हाताने फांदी धरायची सवय मोडा, बोटाएवढी फांदी तोडणाऱ्या यंत्राला बोटही तितकंच सोपं असतं.