हळदीच्या कंदकुजीवर सुडोमोनास वापरताना

पहिल्यांदाच वापरताय, तर सुरुवात बेण्यापासून करा. लिटरला 10 ग्रॅम सुडोमोनास फ्लुरोसन्स (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या जिवाणूंची पावडर) घेऊन बेणे अर्धा तास बुडवा, सावलीत सुकवा आणि लगेच लावा. एकरी एक किलो पावडर 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर गोणपाटाखाली आठवडाभर सावलीत ठेवा; मग ओल असताना सरीत द्या.

बहुतेकांचं फसतं ते पुढे. कॉपर ऑक्सिक्लोराईडची (तांबेयुक्त बुरशीनाशक) आळवणी करून, म्हणजे त्याचं द्रावण झाडांच्या बुंध्याशी ओतून, दोन दिवसांत जिवाणू सोडले, तर तेही मरतात. मध्ये किमान 15 दिवस जाऊ द्या. पाणी साचलं तर पिथियम (कंद कुजवणारी बुरशी) जोरात येतो, म्हणून गादीवाफा आणि चर आधी. खोड हलक्या हाताने ओढल्यावर सहज उपटून आलं, बुंधा पाणचट लागला, तर तो गड्डा वाचत नाही. काढून टाका आणि आळवणी शेजारच्या निरोगी झाडांना करा.