मोठा कुत्रा घरात शू करतो तेव्हा

तो मुद्दाम करतोय, हे आधी डोक्यातून काढून टाका. नुकताच घरी आणलेला कुत्रा वयाने मोठा असला तरी तुमचं घर त्याला नवंच आहे. त्यातून आधीचे दिवस पिंजऱ्यातल्या फरशीवर गेले असतील, तर फरशी हीच त्याची जागा. गवतावर नेलं की गोंधळणारच.

सारखी थोडीथोडी होत असेल किंवा झोपेत गळत असेल, तर आधी व्हेटकडून लघवी तपासून घ्या. संसर्ग असेल तर शिकवून काही उपयोग नाही.

तसं काही नसेल तर पिल्लासारखी सुरुवात करा. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपण्याआधी पट्टा लावून एकाच जागी न्या. मोबाइल खिशात! शू संपली की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात येऊन दिलात तर त्याला वाटतं, आत आल्याचं बक्षीस मिळालं. आणि लगेच परत फिरू नका, थोडं भटकू द्या. नाहीतर फिरणं लांबावं म्हणून पठ्ठ्या शू धरून ठेवायला शिकतो.

घरात नजरेआड सोडू नका. जमीन हुंगत गोल फिरायला लागला की लगेच बाहेर. ओरडणं, त्याचं नाक शूमध्ये घासणं अजिबात नको. त्यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही, मग सोफ्यामागे जातो. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरनेच पुसा, अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास लघवीसारखाच येतो.

पाय वर करून दोनच थेंब टाकत असेल तर ते मार्किंग, म्हणजे वासाने आपली हद्द आखणं. त्यासाठी नसबंदीबद्दल व्हेटशी बोला.