आजीचे डोळे कोणी काढायचे?

गणपतीच्या आसपास दिवाळी अंकांच्या चित्रांची धांदल सुरू होते आणि समुपदेशक म्हणून माझ्याकडे चित्रकारांची एक तक्रार हमखास येते: "काम दोघांत घेतलंय, पण समोरच्याचं पटत नाही. शेवटी सगळं मलाच निस्तरावं लागतं." एका मुलीची सत्रं इथे थोडक्यात देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलांच्या अंकातली एक दीर्घकथा, आजी आणि नातू, 14 रंगीत चित्रं, हातात 12 दिवस. कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर सात-सात वाटून घेतलेली. पाचव्या दिवशी ही आली ती तारवटलेल्या डोळ्यांनी.

"रात्री काय करतेस?"

"तिची चित्रं दुरुस्त करते, मॅडम. तीनेक तास जातात."

"तिला माहीत आहे?"

"छे! वाईट वाटेल ना तिला."

मी टॅब उघडायला सांगितला. मैत्रिणीच्या आजीवर हिने नवा लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, चढवला होता. जुने डोळे त्वचेच्या रंगाने बुजवून नवे काढलेले. तिला तो लेयर बंद-चालू करायला लावला.

"आधीच्या डोळ्यांत चूक काय होती?"

ती बराच वेळ झूम करत राहिली. "चूक... नव्हती. माझे नव्हते, एवढंच."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की हाती आलेलं निसटतं. मिनिटभराने तिनेच लेयर बंद केला आणि तसाच ठेवला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा भरवसा आहे, तो अशाच क्षणांमुळे. 'शैली जुळावी' ही इच्छा. 'जुळलीच पाहिजे, तीही माझ्याशी' हा हट्ट. इच्छा असली की माणूस बोलून दाखवतो. हट्ट असला की रात्री गुपचूप खोडतो.

मग हिशेब मांडला. एका चित्राला कच्चं रेखाटन 2 तास, पक्की रेषा 4, रंग 6. चौदा चित्रांचे 168 तास. दोघींचे प्रत्येकी रोज आठ तास धरले तर 12 दिवसांचे 192. म्हणजे उसंत अवघी 24 तासांची, आणि चार रात्रींत हिने त्यातले 12 डोळ्यांवर घालवलेले!

पात्रं तीच असतील तर निम्मी-निम्मी चित्रं वाटू नका. दोन हातांच्या दोन आज्या होतात. पायरी वाटा. उरलेल्या आठ चित्रांत रेषा हिने आणि रंग मैत्रिणीने, असं ठरलं. आधी आजीचा एक तक्ता करा: समोरून, बाजूने, पाठमोरी, शेजारी साडीचे आणि त्वचेचे ठरलेले रंग. दोघींच्या फाइलींचं माप एक हवं: छपाईच्या आकारात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), चारी बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. रंगाची मांडणीही एकच, सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची. एकीने आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या मांडणीत, रंगवलं तर पडद्यावरचा झळझळीत हिरवा छापताना मळतो आणि एकाच लुगड्याच्या दोन छटा अंकात दिसतात. फाइल रोज रात्री नऊला, एकदाच द्यायची. दुसरीच्या लेयरला हात लावायचा तो फक्त तक्त्याशी विसंगती असेल किंवा छपाईची चूक असेल तेव्हा, आणि तोही फोन करून. शेवटचा दिवस संपादकांच्या दुरुस्त्यांना मोकळा.

मानधन आणि नावांचा क्रम मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाका. या दोघींनी तो विषय शेवटावर ढकलला होता. शेवटी नावं अकारविल्हे द्यायचं ठरलं, हिचं नाव दुसरं आलं, आणि त्यावर आमचं आणखी एक सत्र गेलं.