वाचक विचारतात : लिनक्सवर वेळ पाळणारी जावा

प्रश्न : पॅकिंग लाइनवर कॅमेरा पाकीट तपासतो आणि खराब निघालं तर एअर व्हॉल्व्ह फुंकर मारून ते बाहेर टाकतो. निकाल १० मिलिसेकंदांत व्हॉल्व्हपर्यंत पोचायला हवा. प्रोग्रॅम जावा १७ मध्ये आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) रिअल-टाइम, म्हणजे वेळ पाळणारा, बसवला, थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला) ‘सेटप्रायॉरिटी’ने १० दिले, तरी दिवसातून काही वेळा ३०-४० मिलिसेकंद उशीर होतोच. प्राधान्य लागूच होत नाही का? (चाकण)

नाही होत. लिनक्सवर हॉटस्पॉट जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं नेहमीचं सॉफ्टवेअर) ‘सेटप्रायॉरिटी’ ऐकून सोडून देतं, कारण ‘थ्रेडप्रायॉरिटीपॉलिसी’ हा पर्याय मुळात ० असतो. तो १ केला आणि रूटचे अधिकार दिले, तरी पदरात पडतं ते फक्त ‘नाइस’ मूल्य, म्हणजे साध्या थ्रेडमध्ये कोणाला प्रोसेसरचा किती वाटा याचा आकडा. जावाचं १० म्हणजे नाइस उणे ५. थ्रेड राहतो साध्या शेड्यूलरच्याच वर्गात. रिअल-टाइम कर्नलचा फायदा हवा असेल तर त्याला ‘फिफो’ या रिअल-टाइम वर्गात घालावं लागतं, जिथला थ्रेड साध्या थ्रेडच्या आधी धावतो.

आधी स्थिती बघा. ‘पीएस’ला सगळे थ्रेड दाखवायला सांगून वर्ग आणि आरटी-प्रायॉरिटी हे रकाने मागा. वर्गाखाली ‘टीएस’ दिसलं तर साधा, ‘एफएफ’ दिसलं तर फिफो. थ्रेडचा क्रमांक ‘जेस्टॅक’मध्ये (जेव्हीएमच्या थ्रेडची यादी छापणारं साधन) ‘एनआयडी’ म्हणून मिळतो. तुमच्या १७ मध्ये तो हेक्समध्ये छापला जातो, तर वर्ग आणि प्राधान्य बदलणाऱ्या ‘सीएचआरटी’ आज्ञेला दशमान क्रमांक लागतो, तेवढं रूपांतर करून प्राधान्य ७० द्या. दर वेळी हाताने करायचं नसेल तर थ्रेडने सुरू होताक्षणी स्वतःच ‘शेड-सेटशेड्यूलर’ हा सिस्टिम कॉल शून्य क्रमांकाने करावा. जेडीके (जावाचा संच) २२ पासून जावातून सी फंक्शन बोलावण्याची सोय कायमची झाली आहे, १७ मध्ये त्यासाठी जेएनए ही लायब्ररी वापरा.

इथे बरेच जण अडकतात ते परवानगीपाशी. लिमिट्सच्या फाइलमध्ये ‘आरटीप्रायो’ लिहिलं, टर्मिनलवर चाललं, सर्व्हिस म्हणून लावलं की ‘परवानगी नाही’. ती फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) सर्व्हिसला ती लागू होत नाही. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्येच ‘लिमिटआरटीप्रायो’ ८० आणि ‘लिमिटमेमलॉक’ इन्फिनिटी लिहा.

आता मुख्य गोष्ट. एवढं केलंत तरी तुमचे ३०-४० मिलिसेकंद बहुतेक जाणार नाहीत, कारण ते कर्नलचे नाहीत, जेव्हीएमचे असावेत. गार्बेज कलेक्शनसाठी, म्हणजे न लागणारी मेमरी मोकळी करण्यासाठी, जेव्हीएम सगळ्या जावा थ्रेडना सेफपॉइंटवर (थांबायच्या सुरक्षित जागी) थांबवतं, तुमच्या प्राधान्य ७० वाल्यालाही. मग तो वाट बघतो जेव्हीएमच्या अंतर्गत थ्रेडची, आणि ते असतात साध्या वर्गात. म्हणजे मशीनवर चाललेला एखादा बॅकअपसुद्धा तुमच्या फिफो थ्रेडला आडून रोखू शकतो. शिवाय ‘सिंक्रोनाइज्ड’ कुलपाला हॉटस्पॉटमध्ये प्राधान्य-वारसा नसतो, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं मिळत नाही. लॉग लिहिणाऱ्या हलक्या थ्रेडने कुलूप धरलं असेल तर महत्त्वाचा थ्रेड त्याच्या मागे उभा. तातडीच्या वाटेवर कुलूप ठेवूच नका, एक लिहिणारा आणि एक वाचणारा अशी ठरावीक आकाराची रिंग वापरा.

सेफपॉइंटचा लॉग चालू करा. त्यात प्रत्येक थांब्याचे दोन आकडे वेगळे येतात : सगळे थ्रेड थांबेपर्यंत गेलेला वेळ आणि थांबल्यानंतरचा वेळ. पहिला मोठा असेल तर एखादा थ्रेड उशिरा थांबतोय. प्रचंड अ‍ॅरेची नक्कल किंवा मेमरीत मॅप केलेल्या फाइलचं वाचन ही नेहमीची कारणं. दुसरा मोठा असेल तर कलेक्टरच (कचरा उचलणारा भाग) बदला. जेडीके २१ वर जा आणि पिढ्यांचा झेडजीसी हा कलेक्टर चालू करा (२१ मध्ये त्यासाठी ‘झेडजनरेशनल’ वेगळा द्यावा लागतो). त्याचे थांबे एका मिलिसेकंदाच्या आत राहतात. मात्र हीप (जावाच्या वस्तूंची मेमरी) सढळ ठेवा. कचरा उचलण्यापेक्षा मेमरीची मागणी वेगाने झाली तर झेडजीसी मागणाऱ्या थ्रेडलाच अडवून ठेवतो, आणि लॉगमध्ये ‘अ‍ॅलोकेशन स्टॉल’ अशी ओळ येते. ती एकदाही दिसली तर हीप वाढवा किंवा दर फ्रेमला नवा बफर घेणं बंद करा. सुरुवातीचा आणि कमाल हीप सारखाच द्या, आणि तो सुरुवातीलाच पूर्ण ताब्यात घेणारा ‘ऑलवेजप्रीटच’ लावा.

सरळच सांगायचं तर या कामात व्हॉल्व्हचा क्षण जावाने ठरवूच नये. कॅमेऱ्याच्या ट्रिगरला कन्व्हेयरच्या एन्कोडरचा (पट्टा किती सरकला ते मोजणारं यंत्र) आकडा जोडा. जावाने पीएलसीला (यंत्रं चालवणारा औद्योगिक नियंत्रक) एवढंच कळवायचं : अमुक आकड्याचं पाकीट खराब. फुंकर कधी मारायची ते पीएलसी एन्कोडर मोजून ठरवेल. कॅमेरा आणि व्हॉल्व्ह यांत ३०० मिमी अंतर असेल आणि पट्टा सेकंदाला १ मीटर पळत असेल, तर हातात ३०० मिलिसेकंद येतात आणि ४० चा उशीर पचून जातो. आणि इमर्जन्सी स्टॉप कुठल्याही जेव्हीएममधून जात असेल तर तो आजच काढा. त्याची जागा सेफ्टी रिलेवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर न विसंबणाऱ्या सुरक्षा स्विचवर.

प्रश्न : ‘सीएचआरटी’ने अख्खं जेव्हीएमच फिफोत सुरू केलं तर? (पिंपरी)

थ्रेड वारसा घेतात, त्यामुळे जेआयटी कंपायलर (चालता चालता जावाचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) आणि कलेक्टरचे थ्रेडही फिफोत जातात. चार कोअरच्या मशीनवर कलेक्टरचे चार थ्रेड एकदम उठले की बाकी सगळं गार, दुरून लॉगिन करायचं एसएसएचसुद्धा. ६.१२ च्या आधीच्या कर्नलमध्ये आणखी एक गंमत : रिअल-टाइम कामांना दर सेकंदाला ९५० मिलिसेकंदच मिळतात. एखादा थ्रेड लूपमध्ये नुसता फिरत राहिला तर दर सेकंदाला ५० मिलिसेकंदांची खाच पडते आणि माणूस ती नेटवर्क कार्डात शोधत बसतो. ६.१२ पासून ही पद्धत बदलली. साधी कामं खरोखर उपाशी राहिली तरच त्यांना तो वाटा मिळतो. तरी फिफो द्यायचा तो नेमक्या एक-दोन थ्रेडनाच.

प्रश्न : रिअल-टाइमसाठी अजून पॅच लावावा लागतो का? (वेर्णा, गोवा)

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून ‘प्रीएम्प्ट-आरटी’ हा रिअल-टाइमचा पर्याय मुख्य कर्नलमध्येच आहे. एक्स८६-६४, आर्म-६४ आणि रिस्क-व्ही यांच्यासाठी. पण तो पर्याय कर्नल बांधताना निवडावा लागतो, वितरणाच्या नेहमीच्या कर्नलमध्ये तो बंद असतो. डेबियनमध्ये आरटीचं वेगळं पॅकेज आहे. ‘यूनेम’च्या आवृत्तीच्या ओळीत ‘प्रीएम्प्ट-आरटी’ दिसतं का बघा.

जावा बसवण्याआधी कर्नलचा उशीर मोजणारं ‘सायक्लिकटेस्ट’ चालवा : प्राधान्य ८०, मेमरी लॉक केलेली, सगळ्या कोअरवर, आणि शेजारी ‘स्ट्रेस-एनजी’चा भार. रिकाम्या मशीनवर घेतलेला आकडा कामाचा नाही. कमाल आकडाच बघायचा, सरासरी सोडून द्या. मध्येच शेकडो मायक्रोसेकंदांची उडी दिसली तर ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ लावा. बायोस कर्नलच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेत असेल तर ते तिथे उघड होतं, आणि त्यावर ना कर्नलचा इलाज ना जावाचा. बायोसच्या सेटिंग बदला किंवा बोर्ड बदला.

प्रश्न : बूटच्या ओळीत ‘आयसोलसीपीयूज’ला २ आणि ३ देऊन ते कोअर बाजूला काढले आणि ‘टास्कसेट’ने पूर्ण जेव्हीएम त्यांवर बसवलं. आधीपेक्षा हळू झालं! (पुणे)

होणारच. बाजूला काढलेल्या कोअरवर कर्नल कामाची वाटणी करत नाही. थ्रेड जिथे जन्मला तिथेच बसून राहतो, म्हणजे तुमचे सगळे थ्रेड एकाच कोअरवर खेटून बसलेत आणि दुसरा कोअर झोपलाय. ‘टॉप’मध्ये एच दाबून शेवटच्या सीपीयूचा रकाना उघडा, लगेच दिसेल.

उलट करा. जेव्हीएम ० आणि १ वर सुरू करा आणि फक्त तातडीचा थ्रेड, त्याचा क्रमांक देऊन, ३ वर न्या. इंटरप्टही ० आणि १ कडे वळवा, आणि इंटरप्ट वाटणारा आयआरक्यू-बॅलन्स ते परत पसरवत नाही ना हे बघा. कोअरवरची कर्नलची ठरावीक टिकटिक बंद करणाऱ्या ‘नोहर्ट्झ-फुल’चा फायदा त्या कोअरवर एकच धावता थ्रेड असेल तेव्हाच.

एक छुपा खड्डा : जेव्हीएम आपल्याला मिळालेले कोअर मोजून कलेक्टर निवडतं. जेडीके २१ ला एकच कोअर दिसला तर ते काही न बोलता सीरियल कलेक्टर घेतं. कलेक्टरचं नाव नेहमी स्वतः लिहा.

प्रश्न : जीसी लॉगमध्ये अधूनमधून अशी ओळ येते : यूजर ०.०१, सिस ०.००, रिअल ०.३८. काम एक शतांश सेकंदाचं आणि थांबा ०.३८ सेकंदाचा? (ठाणे)

प्रोसेसरचा वेळ गेलेला नाही, म्हणजे जेव्हीएम कशाची तरी वाट बघत होतं, आणि ती बहुधा डिस्क. जेव्हीएम आपली आकडेवारी टेम्प डिरेक्टरीतल्या ‘एचएसपर्फडेटा’च्या फाइलमध्ये ठेवतं. ती मेमरीत मॅप केलेली असते, पण त्याच क्षणी कर्नल तिचं पान डिस्कवर लिहीत असेल तर साधं मेमरीतलं लिखाणही अडतं, तेही सगळे थ्रेड थांबलेले असताना. ‘पर्फडिसेबलशेअर्डमेम’ लावा. मग ‘जेपीएस’ आणि ‘जेस्टॅट’ला ही प्रोसेस दिसणार नाही, तेवढी किंमत मोजायची. दुसरा संशयित खुद्द जीसी लॉग. तो टेम्पएफएसवर (मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर) लिहा किंवा जेडीके १७ पासून मिळणारा असिंक लॉग वापरा. स्वॅप बंद करा. ट्रान्स्परंट ह्यूज पेज (कर्नलने आपोआप दिलेली मेमरीची मोठी पानं) ‘ऑलवेज’वर असेल तर ‘एमअ‍ॅडव्हाइज’वर आणा.

प्रश्न : जावाच्या ‘स्केड्यूलअ‍ॅटफिक्स्डरेट’ या ठरावीक गतीने काम चालवणाऱ्या सोयीवर दर ५ मिलिसेकंदांनी मोटरला आज्ञा जाते. मध्येच मोटर हिसका देते. (नाशिक)

थांबा ४० मिलिसेकंदांचा झाला की राहिलेल्या आठ आज्ञा हे शेड्यूलर एकापाठोपाठ सोडतं. हाच तुमचा हिसका. स्वतःचा लूप लिहा : पुढची वेळ आधीच्या ठरलेल्या वेळेत ५ मिलिसेकंद मिळवून काढा, ‘आता’मध्ये मिळवून नाही, नाहीतर घड्याळ सरकत जातं. वेळ उलटून गेली असेल तर ती फेरी सोडा आणि चुकल्याचा आकडा नोंदवा. झोपेसाठी ‘पार्कनॅनोज’ चालेल. साध्या वर्गात कर्नल टायमरला ५० मायक्रोसेकंदांची सूट घेतं. फिफो थ्रेडला ती सूट नसते.

पहिल्या काही मिनिटांतच हिसके येत असतील तर ते जेआयटीचं गरम होणं. मोटर जोडण्याआधी तोच लूप खऱ्यासारख्या डेटावर हजारो वेळा फिरवा, अलार्मच्या फांदीसकट. नाहीतर पहिला अलार्म येतो तेव्हाच कंपाइल केलेला कोड रद्द होतो आणि नेमक्या नको त्या क्षणी गती जाते.

प्रश्न : रिअल-टाइम जावाचं स्पेसिफिकेशन, आरटीएसजे, आता शिकण्यात अर्थ आहे का? (विद्यार्थी, औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

कल्पना शिका, नोकरी त्यावर शोधू नका. जावाच्या सामुदायिक प्रक्रियेतली ही पहिलीच मागणी, जेएसआर-१. हीपला न शिवणारे थ्रेड, ठरावीक आवाक्याची मेमरी, किमान २८ प्राधान्यं, कुलपांना प्राधान्य-वारसा. वर ज्या अडचणी आल्या त्यांची उत्तरं तिथे आधीच लिहिलेली आहेत. अमेरिकी नौदलाच्या झुमवॉल्ट वर्गातल्या विनाशिकांसाठी आयबीएमची रिअल-टाइम जावा लिनक्सवर घेतली गेली. सन कंपनीचं असंच उत्पादन ओरॅकलने सन विकत घेतल्यानंतर मावळलं. जर्मनीच्या आयकासचं जमैकाव्हीएम ही वाट पुढे नेतं, पण ते विकत घ्यावं लागतं. फुकटात हात फिरवायचा असेल तर ओपनजे९ या दुसऱ्या जेव्हीएममधला ‘मेट्रोनोम’ कलेक्टर एक्स८६-६४ लिनक्सवर लावून बघा. तो कचरा एकदम न उचलता छोट्या हप्त्यांत उचलतो आणि मुळात प्रोग्रॅमला ७० टक्के वेळ राखून ठेवतो. ते प्रमाण ९० वर नेऊन मेमरीची मागणी वाढवत जा आणि लॉग वाचा.

प्रश्न : डॉकरमध्ये (प्रोग्रॅम बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) रूट असूनही फिफो मिळत नाही. (मुलुंड)

‘सिस-नाइस’ क्षमता आणि आरटीप्रायोची मर्यादा दोन्ही कंटेनरला द्या. तरीही नकार आला तर यजमान कर्नलमध्ये ‘आरटी ग्रुप शेड्यूलिंग’ चालू असेल आणि कंटेनरच्या गटाला शून्य वेळ मिळाला असेल.