ब्युनोस आयर्समध्ये दोनच दिवस असतील तर काय पाहावं?

दोनांतला एक दिवस रविवार येईल असं बघा, बाकी सगळं जमून जातं. रविवारी सान तेल्मो भागात डिफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. निळ्या-हिरव्या काचेच्या सोड्याच्या बाटल्या, पितळी कड्या, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो. आपल्या चोरबाजाराचीच आठवण येते. पुढे दोर्रेगो चौकात टँगो चालू असतो. नर्तकांनी टोपी फिरवली की चार पैसे टाकायचे, नुसते फोटो काढून सटकू नका.

दुसऱ्या दिवशी रेकोलेता. दफनभूमी कसली बघायची, असं वाटेल, पण ते दगडी घरांचं गावच आहे. एविता पेरोनची (अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोन यांची पत्नी) समाधी शोधताना ‘पेरोन’ नाव हुडकत बसू नका. ती माहेरच्या दुआर्ते घराण्याच्या काळ्या समाधीत आहे. तिथून पुढे एल अतेनेओ हे पुस्तकांचं दुकान गाठा. १९१९ सालचं नाट्यगृह आहे ते. बाल्कन्यांत पुस्तकं आणि रंगमंचावर कॅफे.

ला बोकातली रंगीत घरं पाहायची तर दिवसाउजेडीच, आणि पर्यटकांच्या गल्ल्या सोडून आत शिरू नका.

शाकाहारी असाल तर फुगासेता मागवा: भरपूर चीज-कांद्याचा पिझ्झा. जेवणं मात्र रात्री नऊनंतरच, त्यामुळे संध्याकाळी काहीतरी पोटात ढकलून ठेवा.