शास्त्रीय संगीत ऐकण्यासाठी चार लाखांचा संच घ्यावा का?

आपण विचारले आहे की, कोथरूडमधील १० बाय १२ फुटांच्या खोलीत प्रामुख्याने शास्त्रीय गायन ऐकण्यासाठी चार लाखांचा ध्वनिसंच (अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर वगैरे) घ्यावा, की एक लाखात भागेल. माझ्या मते एक लाखात उत्तम भागेल, मात्र त्यातला निम्म्याहून अधिक पैसा स्पीकरच्या जोडीवर खर्च करावा आणि खोलीची मांडणी मनावर घ्यावी.

हे मी अनुभवावरून सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनी सव्वादोन लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. माझा अठरा हजारांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्याकडे नेऊन आम्ही दोन्ही आळीपाळीने त्याच स्पीकरना जोडले, तेव्हा महागडा निःसंशय सरस वाटला. त्यांचा मुलगा अभियांत्रिकी शिकत होता. त्याने एकच स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टोकांना मल्टीमीटर लावला, आणि महागडा किंचित मोठ्याने वाजत असल्याचे दिसून आले. किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, तो ‘अधिक स्वच्छ’ म्हणून जाणवतो. व्होल्टेज सारखे करून आणि यंत्रे चादरीने झाकून आम्ही पुन्हा ऐकले. १२ फेऱ्यांपैकी ७ वेळा मी बरोबर ओळखले, म्हणजे छापा-काटा करूनही साधारण तेवढेच जमले असते.

वायरची बाब थोडक्यात सांगतो. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तीन मीटर वायरचा जाऊन-येऊन रोध ०.०५ ओहमपेक्षाही कमी भरतो, तर स्पीकरचा सहसा ४ ते ८ ओहम असतो, म्हणजे त्यापुढे वायरचा रोध नगण्य ठरतो. पुण्यात विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मिळणारी चांगली तांब्याची वायर घ्यावी आणि या विषयावर एक रुपयाही अधिक घालवू नये. वॅटच्या आकड्यांनीही दबून जाऊ नये, कारण ५० वॅटऐवजी १०० वॅट घेतल्याने आवाजात जेमतेम ३ डेसिबलची भर पडते.

आपल्या प्रश्नाचा खरा गाभा खोली हा आहे. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या पटीतला नाद भिंतींमध्ये अडकून फुगतो. माझ्याकडे तबल्याच्या डग्ग्याचा एकच घुमारा असा काही फुगत असे, की विलंबित ख्यालातील तंबोऱ्याचा खर्ज त्याखाली झाकला जाई, आणि मी कित्येक महिने स्पीकरला दोष देत होतो. एका रविवारी स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले, बसण्याचा दिवाण मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढला, आणि तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लावली. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येऊ लागल्या आणि जवारीची ती बारीक झणझण गायकाच्या स्वरामागे सलग उभी राहिली. या बदलाला एक पैसाही लागला नाही, आणि इतका मोठा फरक कोणत्याही उपकरणाने मला आजवर दिलेला नाही. जाड पडदे आणि सतरंजी यांनी टाळीचा प्रतिध्वनी दबतो. खर्जाला मात्र त्यांचा अटकाव होत नाही, त्यासाठी जागाच बदलावी लागते.

ध्वनिमुद्रणाची मर्यादाही लक्षात घ्यावी. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत माणसाच्या कानाला ऐकू येणारा २० किलोहर्ट्झपर्यंतचा पल्ला मावतो, त्यामुळे चांगले मुद्रण आजच्या साध्या यंत्रावरही पूर्ण उतरते. याउलट आपण जुन्या बुजुर्गांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरणाऱ्या जुन्या तबकड्या ऐकणार असाल, तर जे त्या तबकडीत उतरलेच नाही, ते चार लाखांचा संच कोठून आणणार? त्या गाण्याचे मोल वेगळे आहे आणि ते साध्या संचावरही तितकेच लाभते.

अ‍ॅम्प्लिफायर आणि वायर यांच्यासारखे स्पीकरचे नाही. पंधरा हजारांची जोडी आणि साठ हजारांची जोडी यांतील अंतर डोळे मिटूनही कळते; दीड लाखाच्या पुढे ते मला फारसे कळलेले नाही. निवड करताना सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातील आवाज प्रमाण मानू नये, कारण तेथेही आपण स्पीकरच ऐकत असतो. त्याआधी एखाद्या घरगुती बैठकीत, माइकशिवाय, तंबोऱ्याजवळ तासभर बसून यावे. मग आपल्या परिचयाचे एखादे गाणे बरोबर घेऊन दुकानात जावे आणि स्पीकर दोन दिवस घरी लावून पाहू देतील का, हे स्पष्ट विचारावे. जो दुकानदार तयार होईल, त्याच्याकडून पाच हजार जास्त देऊनही मी खरेदी करीन.